पद्मिनीची पुढची चाकं: किंगपिन आणि टाय रॉड एंड स्वतः उघडून तपासताना

जुन्या पद्मिनीचं स्टेअरिंग पन्नासच्या पुढे थरथरायला लागलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "किंगपिन गेलीय, दोन्ही बाजूंचं करून टाकू." किंगपिन म्हणजे पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन. कधी ते निदान खरं असतं. पण कित्येकदा नुसती चाकाची बेअरिंग ढिली असते, नाहीतर एखादा टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा, आतून संपलेला असतो. माझ्या १९८६ च्या गाडीच्या दोन्ही किंगपिन अशाच एका वाक्यावर बदलल्या गेल्या, पैसे गेले आणि थरथर होती तिथेच राहिली. दोष आयडलर आर्मच्या (स्टेअरिंगच्या रॉडला दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे सांध्यात बसवलेल्या नळीत होता, आणि तो बघायला कोणी खाली वाकलंच नव्हतं. तेव्हापासून माझा एक नियम आहे. पाना हातात घेण्याआधी प्ले, म्हणजे सांध्यातली ढिली हालचाल, नेमका कुठे आहे ते बोटाने सापडलं पाहिजे. म्हणून या लेखात खोलण्याइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

मुंबईत हे काम आता स्वतःला यायला हवं, त्यालाही कारण आहे. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागलेली ही गाडी पुढे पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शहरभर पसरली. टॅक्सी होत्या तोवर प्रत्येक नाक्यावर किंगपिनचा सेट मिळत होता आणि डोळे मिटून तो बसवणारा हातही. २० वर्षांची वयोमर्यादा संपून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. सामान ऑपेरा हाउसच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधलं तर अजून मिळतं. बुशला नीट रीमर मारणारा, म्हणजे त्याचं भोक अचूक मापात कापून देणारा माणूस शोधणं जास्त कठीण झालंय.

आधी रचना डोळ्यांसमोर आणा

पुढचं प्रत्येक चाक एक वरचा आणि एक खालचा आर्म धरून ठेवतात. दोन्ही आर्मच्या बाहेरच्या टोकांमध्ये एक उभा खांब असतो. त्या खांबातून किंगपिन आरपार जाते, आणि स्टब ॲक्सल, म्हणजे ज्याच्यावर चाकाचा ड्रम फिरतो तो भाग, आपल्या वरच्या आणि खालच्या कानांनी त्या पिनेभोवती वळतो. पिन खांबात लॉकपिनने पक्की केलेली असते. वळताना घासतात ते स्टबच्या कानांतले दोन बुश. गाडीचं वजन खांबामार्गे खालच्या कानावर येतं, म्हणून खांब आणि खालचा कान यांच्यामध्ये थ्रस्ट वायसर असतं. वरच्या बाजूला फट भरायला शिम, म्हणजे पातळ चकत्या.

स्टेअरिंग बॉक्सच्या आर्मपासून गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या आयडलर आर्मपर्यंत मधला रॉड जातो आणि तिथून दोन्ही चाकांकडे एकेक टाय रॉड. या रॉडांच्या टोकांना जे गोळ्याचे सांधे असतात ते बॉल जॉइंट, म्हणजेच टाय रॉड एंड. खाली झोपून एकदा ते सगळे मोजा, हात लावा आणि कागदावर काढून ठेवा. पुढचं अर्धं काम तिथेच होतं.

जागा आणि हत्यारं

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत कंपाउंडमध्ये गाडी उचलायची तर आधी वॉचमन, मग सेक्रेटरी, मग शेजारच्या स्कूटरवाल्या काकू, अशा तीन परवानग्या लागतात. त्या घ्या, पण उतारावर किंवा पेव्हर ब्लॉक हलत असलेल्या जागी काम करू नका. जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी हवीच. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, गाडी टिकवायची ती स्टँडवर, ज्याला गॅरेजवाले घोडी म्हणतात. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवून खाली शिरणारे लोक मी पाहिलेत. वीट फुटताना आधी कळवत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत: रिंग पाने आणि सॉकेट, पकड, दोन वजनदार हातोडे, पितळेचा दांडा, पातळ पंच, ग्रीसगन, तारेचा ब्रश, व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर, बांधायची तार आणि बॉल जॉइंटचा पुलर. पुलर स्क्रूवालाच घ्या. काट्यासारखा ठोकायचा जो मिळतो तो सांधा सोडवतो खरा, पण रबरी बूट फाडून टाकतो. मग चांगला निघालेला सांधाही बदलावा लागतो. हे सगळं नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतं.

आदल्या रात्री प्रत्येक नटवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. समुद्राच्या हवेने आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेला पावसात तुंबणाऱ्या पाण्याने या नटांचं जे झालेलं असतं ते दहा मिनिटांत सुटणारं नसतं.

न खोलता तपासणी

पहिली चाचणी गाडी जमिनीवर असताना. कोणालातरी आत बसवा आणि स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं, साधारण दोन बोटं हलवायला सांगा. तुम्ही खाली राहून एकेका सांध्यावर तळहात ठेवा. चांगल्या सांध्यात दोन्ही भाग एकत्र हलतात. गेलेल्या सांध्यात आधी एक भाग सरकतो, मग टक् होऊन दुसरा. हा टक् कानाला ऐकू येण्याआधी हाताला कळतो. आयडलर आर्म विसरू नका. तो वर-खाली डुलत असेल तर बाकी सगळं नवीन घातलं तरी गाडी सरळ जाणार नाही.

आता हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून अडसर) लावा, पुढून गाडी उचलून घोड्यांवर ठेवा. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर लगेच किंगपिन म्हणू नका. आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की ड्रम आणि स्टब एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. ब्रेक दाबूनही चाक हलत असेल तर दोष किंगपिन-बुशचा, नाहीतर आर्मच्या बुशचा. बॅटरी लावून स्टबचा वरचा कान आणि खांब यांच्यामधली फट बघा. तिथे हालचाल दिसली तर किंगपिन. खांबच आर्मसकट हलत असेल तर आर्मचे बुश.

चाक तीन आणि नऊला धरून हलवलं की टाय रॉडचा प्ले कळतो. शेवटी चाकाखाली पहार घालून हलकेच वर उचला. स्टब खांबावर वर-खाली सरकताना दिसला तर थ्रस्ट वायसर झिजलंय. पिन आणि बुश चांगले असतील तर नुसतं वायसर आणि शिम बदलूनही भागतं.

ही सगळी नोंद खडूने मडगार्डच्या आत लिहून ठेवा. डावं चाक, ब्रेकशिवाय हललं, ब्रेक दाबून नाही, असं. दुपारी दोन वाजता हात ग्रीसने माखलेले असताना सकाळी काय पाहिलं ते आठवत नाही.

टाय रॉड एंड काढणं

चाक काढा. सांध्याच्या नटमधली स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून आरपार घालून टोकं दुमडलेली पिन, सरळ करून ओढून काढा. तुटली तर पंचाने ठोकून पलीकडे. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे सांधा एकदम सुटून तोंडावर येत नाही आणि आटेही वाचतात. सांध्याची दांडी निमुळती असते आणि स्टेअरिंग आर्मच्या निमुळत्या भोकात गच्च बसलेली असते. पुलर लावा, ताण द्या, आणि ताणलेल्या स्थितीत आर्मच्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचा एक चांगला घाव घाला. बहुतेक वेळा बंदुकीसारखा आवाज होऊन सुटतो.

पुलर नसेल तर दोन हातोड्यांची जुनी रीत आहे. एक हातोडा डोळ्याच्या एका बाजूला टेकवून धरा, दुसऱ्याने समोरच्या बाजूवर मारा. डोळा क्षणभर किंचित दबतो आणि निमुळती दांडी पकड सोडते. नटवर वरून ठोकत बसू नका. त्याने दांडीचं टोक फुलतं आणि मग नटही निघत नाही.

रॉडमधून एंड उघडण्याआधी लॉकनटपाशी रंगाची खूण करा, दोन्ही सांध्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि किती फेऱ्यांत सुटतो ते मोजत सोडवा. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी आट्यांची दिशा बघा.

हातात आलेला सांधा डिझेलमध्ये धुवा आणि दांडी बोटांनी फिरवा. ती जड पण एकसारखी फिरली पाहिजे. सैल पडून लटकली तर गेला. मध्येच अडकत फिरली तरी गेला, कारण आत खड्डे पडलेत. दांडी धरून दाबून-ओढून पाहा, उभा प्ले अजिबात नको. फाटलेल्या बुटातून आलेलं ग्रीस दुधाळ किंवा तांबूस असेल तर पाणी आत शिरलंय. असा सांधा आज घट्ट वाटला तरी मी तो परत लावत नाही.

मग आर्मचं निमुळतं भोक तपासा. दांडीवर पेन्सिलीने उभ्या चार रेषा काढा, भोकात हाताने दाबून पाव फेरी फिरवा आणि बाहेर काढा. चारही रेषा पूर्ण उंचीवर पुसल्या गेल्या तर भोक ठीक. फक्त वर किंवा फक्त खाली पुसल्या गेल्या तर भोक बिघडलंय, आणि नवीन सांधा कितीही आवळला तरी तो हलणार. अशा वेळी आर्मच बदला. कोणी पत्र्याची पट्टी घालून देतो म्हणाला तर गाडी घेऊन घरी या.

किंगपिनपर्यंत पोचताना

या कामात आर्म आणि स्प्रिंग यांना हात लावायचा नाही. स्प्रिंग आर्मने दाबून धरलेली असते, आणि ती सुटली तर दरवाजाला खड्डा पाडते किंवा हाताला. किंगपिन खांबातून निघते, खांब आर्मला तसाच राहतो. तरी सावधगिरी म्हणून खालच्या आर्मखाली दुसरा जॅक हलका टेकवून ठेवा.

हबची ग्रीस कॅप काढा, स्प्लिट पिन काढा, नट सोडवा. इथेही आटे सुलटे की उलटे ते आधी बघा. ड्रम आणि हब बेअरिंगसकट ओढून घ्या आणि बेअरिंग स्वच्छ कापडावर ठेवा. ब्रेक लायनरची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेकची मागची प्लेट स्टबवरून सोडवून सगळा ब्रेक तसाच बाजूला करा आणि तारेने आर्मला किंवा बॉडीला बांधा. ब्रेकच्या रबरी होजवर तो लटकता कामा नये. होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फाटतो. टाय रॉड आधीच सुटलेला आहे. आता स्टब फक्त किंगपिनवर आहे.

फोटो काढा. मग कानांवरची झाकणं आणि ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) काढा. खांबातली लॉकपिन शोधा. ग्रीस आणि मातीच्या थराखाली ती दिसतच नाही, तारेच्या ब्रशने घासून काढावी लागते. कोणत्या बाजूने बसवलीय ते बघा, त्याच्या उलट दिशेने पंचाने ठोका. लॉकपिन पूर्ण निघाल्याशिवाय किंगपिनवर एकही घाव नको, नाहीतर पिनेतली खाच खांबात चावून बसते. नंतर पितळी दांडा ठेवून किंगपिन ठोका. हटत नसेल तर पुन्हा स्प्रे, चहा, अर्धा तास, पुन्हा ठोका. खांबावर गॅसची ज्योत मारायचा मोह होतो, पण जवळच ब्रेकचं तेल आणि रबर आहे. मी ज्योत वापरत नाही.

पिन निघताना एका हाताने स्टब धरा. शिम आणि थ्रस्ट वायसर कुठून, कोणत्या क्रमाने पडले ते तारेत ओवून ठेवा. डावं आणि उजवं सामान वेगळ्या डब्यांत.

पिन, बुश आणि स्टब वाचणं

पिन पुसून उजेडात धरा. मधला भाग खांबात घट्ट असतो, तो झिजत नाही, म्हणून तोच तुमचं मूळ माप. वरचं आणि खालचं टोक मायक्रोमीटरने दोन दिशांनी, काटकोनात मोजा आणि मधल्या मापाशी ताडून पाहा. झीज जवळजवळ नेहमी एका अंगाला असते, कारण चाकाचा भार पिनेला वर एका बाजूने आणि खाली दुसऱ्या बाजूने दाबतो. फरक ०.१ मिमीच्या आसपास गेला की मी पिन आणि बुश दोन्ही बदलतो. नखाने ओरखडा अडकत असेल तर मोजायचीही गरज नाही.

बुशची गोष्ट मी महागात शिकलो. एका गॅरेजमध्ये माझे बुश दाबून बसवताना त्यातलं ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर आणलंच गेलं नाही. वरून बघता सगळं नवं कोरं. मी दर महिन्याला ग्रीसगन लावायचो. ती कडक व्हायची आणि मला वाटायचं, भरलं. प्रत्यक्षात एक थेंबही पिनेपर्यंत जात नव्हता. वर्षाच्या आत पिन पुन्हा गेली, आणि यावेळी खरोखर. उघडली तेव्हा खालच्या कानात कोरडी, विटकरी रंगाची भुकटी होती. तेव्हापासून बुश बसला की आधी निपलच्या भोकातून बारीक तार आत घालून बघतो. ती बुशच्या आतल्या बाजूला दिसली तरच पुढे जायचं.

बुश व्हाइसमध्ये किंवा प्रेसवर सरळ दाबा, हातोड्याने ठोकू नका. दाबल्यावर आतलं भोक किंचित आवळतं, म्हणून रीमर मारावा लागतो. दोन्ही बुश एका रेषेत आले पाहिजेत, त्यासाठी लांब रीमर दोन्हीतून एकदम जायला हवा. हे काम लेथवाल्याकडे द्या, पण किंगपिन सोबत नेऊन समोर बसा. तेल लावलेली पिन अंगठ्याने दाबल्यावर आत सरकली पाहिजे आणि स्वतःच्या वजनाने घसरून पडता कामा नये. सँडपेपर गुंडाळून भोक मोठं करणाऱ्याला तिथेच थांबवा.

स्टब मोकळा हातात आहे तोवर त्याला तडा आहे का ते बघा. धुरा जिथे जाड भागाला मिळते ती जागा डिझेलने धुवा, डिझेल मुरू द्या, कोरड्या कापडाने लख्ख पुसा आणि वरून खडूची पूड लावा. दहा मिनिटांत खडूवर ओली बारीक रेघ उमटली तर तिथे तडा आहे. स्टब भंगारात द्या, आणि दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणून आधी कापून. वेल्डिंग करून मिळेल असं सांगणारे भेटतात. चाक निखळणं कसं असतं हे त्यांना बघावं लागत नाही.

परत जोडताना

सगळं उलट क्रमाने. पिनेतली खाच लॉकपिनच्या भोकासमोर आणा, लॉकपिन तिच्या मूळ बाजूने पक्की ठोका. थ्रस्ट वायसर खाली, शिम वर. शिम इतकेच की उभा प्ले हाताला कळू नये आणि स्टब दोन बोटांनी सहज वळावा. झाकणं लावून गाडी घोड्यांवर असतानाच ग्रीस मारा. चाकावर वजन असताना पिन बुशच्या एका अंगाला दाबलेली असते आणि जिथे सर्वांत जास्त गरज तिथेच ग्रीस पोचत नाही. वर आणि खाली, दोन्ही कानांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा. मी लिथियमचं एमपी-३ ग्रीस वापरतो.

टाय रॉडचा नट आवळताना दांडीच गोल फिरायला लागली तर खालून जॅकने सांधा हलका वर दाबून धरा, निमुळता भाग पकडतो. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे सोडू नका. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीन. चाकाची बेअरिंग आवळताना ड्रम फिरवत राहा, जड झाला की थोडा सोडा. अतिआवळलेली बेअरिंग वरळीपर्यंत जाताजाता तापून वास मारते.

गाडी खाली उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा, मग अलाइनमेंटला न्या. ५.२०-१४ टायरची गाडी बघून काही अलाइनमेंटवाले तोंड वाकडं करतात. त्यांना फक्त टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलीत ते, बघायला सांगा. आधीचं अंतर जपलं असेल तर दहा मिनिटांचं काम.

पहिली फेरी गल्लीतच. वीसच्या वेगाने दोनदा ब्रेक मारा, स्टेअरिंग एका बाजूला खेचतं का बघा. साधारण शंभर किलोमीटरनंतर पुन्हा गाडी उचला, प्रत्येक स्प्लिट पिन डोळ्यांनी बघा, बारा-सहा आणि तीन-नऊ धरून चाक हलवा आणि हबला हात लावून तापलंय का ते पाहा. ग्रीस मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि गणपती गेल्यावर एकदा. मध्ये कधी चाकं पाण्यात बुडाली तर त्याच आठवड्यात, पुढच्या रविवारची वाट न बघता.